पॉटीवर बसतं, पण शी-शू चड्डीतच : मुलाच्या स्वभावाप्रमाणे अडचण सोडवणं

थोरल्याला आठ दिवसांत जमलं आणि धाकटी चार महिने झाले तरी ऐकत नाही. तीच पॉटी, तेच घर, तीच आई. अशा वेळी बहुतेक घरांत पॉटी बदलली जाते, मग बक्षीस वाढवलं जातं, मग आवाज वाढतो. यातलं काहीच चालत नाही, कारण फरशीवरचं डबकं सारखं दिसलं तरी त्यामागची कारणं वेगळी असतात. एकाला शू आल्याचं कळतच नाही, दुसऱ्याला कळतं पण खेळ सोडवत नाही, तिसऱ्याला पॉटीच्या भोकाची भीती वाटते, चौथ्याला शी करताना दुखतं आणि पाचव्याला कुणी सांगितलेलं चालत नाही. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याचं बिघडवतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी शरीर तपासा, मग स्वभाव बघा, आणि पॉटी, बक्षीस, वेळापत्रक यांना त्यानंतर हात लावा.

तीन दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी तीन दिवस कागदावर लिहा : शू किती वाजता, कुठे, चड्डी नुसती ओलसर की पूर्ण भिजलेली, शी किती वाजता, कशी, त्याआधी मूल काय करत होतं, दूध किती, पाणी किती. पाळणाघरात जात असेल तर तिथल्या ताईंनाही चिठ्ठी लिहायला सांगा.

या कागदावरून बरंच कळतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० ते १०० मिलिलिटर मावतं, म्हणजे अर्ध्या पेल्याच्या आसपास. जागेपणी दीड-दोन तास चड्डी कोरडी राहत असेल तर मूत्राशय धरून ठेवायला शिकलं आहे आणि शिकवण्यात अर्थ आहे. दर वीस मिनिटांनी चड्डी ओली होत असेल तर दोन शक्यता : मूत्राशय अजून तयार नाही, किंवा दर वेळी अर्धवटच रिकामं होतं आहे. दिवसातून चार ते सात वेळा शू ठीक. दिवसभरात दोन-तीनदाच होत असेल तर मूल शू दाबून ठेवतं आहे, आणि मग चड्डीत होते ती दाबण्याच्या शेवटी सुटलेली असते.

तयारीची खूण वयात शोधू नका. बहुतेक मुलं १८ ते ३० महिन्यांच्या दरम्यान तयारी दाखवतात, काही त्यानंतर. चड्डी स्वतः खाली ओढता येणं, दोन पायऱ्यांची सूचना कळणं ("चप्पल काढ आणि आत ठेव"), आणि शी येताना पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कडेला जाऊन उभं राहणं, या खुणा पुरेशा आहेत. मूल लपतं तेव्हा त्याला आतून काय होतंय ते कळलेलं असतं.

इथे आजी हमखास म्हणते, "आमची मुलं वर्षाची असताना सांगायची." ते खोटं नाही. बाळाला आपल्या दोन पायांवर बसवून, तोंडाने "श्शू" आवाज काढून, ठरलेल्या वेळी करवून घ्यायची ती पद्धत होती. वेळ मोठी माणसं सांभाळत आणि बाळाला आवाजाची सवय लागे. दिवसभर घरात कुणीतरी असेल आणि लंगोट-दुपट्यांवर मूल वाढत असेल तर ती पद्धत आजही चालते. डायपरमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलाला मात्र ओलेपणाच माहीत नसतो. आपल्याकडचे बहुतेक डायपर चड्डीसारखेच चढवायचे असतात, त्यामुळे "आता चड्डी घातली आहे" हा फरकही त्याला जाणवत नाही. त्याच्यासाठी पहिला धडा म्हणजे दिवसा नुसती सुती चड्डी, आत डायपर नाही.

शी कडक असेल तर बाकी सगळं थांबवा

हे सर्वांत जास्त वेळा हुकतं, म्हणून इथे जरा थांबू या. मुलाला एकदा कडक शी झाली, दुखलं, की पुढच्या वेळी ते शी आवरून धरतं. आवरली की मोठ्या आतड्यात तिचं पाणी शोषलं जातं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. काही आठवड्यांत गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग पडतो. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत किंवा पोर आळशी आहे. प्रत्यक्षात ती बद्धकोष्ठता असते. भरलेला गुदाशय समोरच्या मूत्राशयावर दाबतो, म्हणून शूचे अपघातही वाढतात.

ओळखायचं कसं? आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी. बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे किंवा मोठ्यांना शोभेल अशी जाड शी. टाचा उंचावून, पाय एकमेकांवर घट्ट आवळून, पार्श्वभाग ताठ करून टेबलाला धरून उभं राहणं. हे शेवटचं दृश्य बघून "बघा, किती जोर करतोय" असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा मूल जोर करत नसून आत ओढून धरत असतं. जोर करणारं मूल उकिडवं बसतं किंवा वाकतं.

घरी करण्यासारखं : दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा. बाटलीने लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागाच राहत नाही. मैद्याची बिस्किटं, खारी, टोस्ट कमी करा. रात्री भिजवलेल्या आठ-दहा काळ्या मनुका किंवा एक सुकं अंजीर सकाळी कुस्करून द्या. अख्ख्या मनुका या वयात घशात अडकू शकतात. पपई, पेर, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पालेभाजी घातलेली मऊ खिचडी. पाणी एकदम न पाजता दिवसभर थोडं थोडं.

साबणाची कांडी, एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ, घरच्या घरी एनिमा, यातलं काहीही करू नका. शी त्या दिवशी होईलही, पण त्या जागेची भीती पक्की होते आणि मुलाला पॉटीवर बसवणं महिनोन्‌महिने पुढे जातं. एक-दोन आठवड्यांत आहाराने फरक पडला नाही, किंवा चड्डीला डाग पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा शी मऊ करणारं औषध, म्हणजे पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं सिरप वजनाप्रमाणे देतात. इथली नेहमीची चूक म्हणजे चार दिवस मऊ शी झाली की औषध बंद करणं. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, त्यामुळे डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा काही महिने, औषध चालू ठेवावं लागतं. "सवय लागेल" या भीतीने मधेच सोडलं की महिन्याभरात पुन्हा तोच खडा.

शी आठ-दहा दिवस सलग मऊ होत नाही तोवर पॉटीचा आग्रह धरू नका. डायपर मागितला तर द्या.

स्वभाव कशावरून ठरवायचा

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांच्या स्वभावांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांना साधारण ४० टक्के मुलं सोपी, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आणि १० टक्के कठीण आढळली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसली नाहीत. तुमचंही कदाचित बसणार नाही. मुलावर शिक्का मारण्यापेक्षा तीन प्रसंग आठवा : नवीन पदार्थ ताटात आला की ते काय करतं, नको असलेल्या गोष्टीला किती जोरात नको म्हणतं, आणि एका जागी किती वेळ बसतं. पॉटीवरही ते तसंच वागणार आहे.

बसवलं तर काही नाही, उठवलं की चड्डीत

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिची तीन कारणं असतात.

पहिलं, पाय लोंबकळतात. मोठ्यांच्या कमोडची बैठक जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि अडीच वर्षांच्या मुलाचं गुडघ्याखालचं अंतर त्याच्या जेमतेम निम्मं. पाय अधांतरी असले की मूल पडू नये म्हणून मांड्या आणि पोट आवळून बसतं, आणि आवळलेल्या स्नायूंतून शू सुटत नाही. छोटी रिंग लावलीत तरी पायांखाली २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा, न हलणारा आधार हवाच. चौरंग चालतो, एकावर एक ठेवलेले पाट घसरतात. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले की बैठक बरोबर. जमिनीवरची छोटी पॉटी सुरुवातीला म्हणूनच सोपी पडते.

भारतीय पद्धतीच्या संडासात बैठक उत्तम होते, पण भांड्याची रुंदी मुलाच्या पायांना पेलत नाही. अशा घरी बाथरूमच्या फरशीवर जुना पेपर किंवा छोटी पॉटी ठेवून उकिडवं बसायला शिकवा. भांड्यावर मागून दोन्ही काखांत धरून बसवणं नंतर.

दुसरं, चळवळ्या मूल. ते वीस सेकंद बसतं, थोडी शू करतं आणि पळतं. उरलेली दहा मिनिटांनी चड्डीत. त्याला "बसून राहा" म्हणून उपयोग नाही, त्याच्या तोंडाला काम द्या. भिरभिरं, पिपाणी किंवा साबणाचे फुगे : फुंकताना पोटावर आपोआप दाब येतो आणि खालचे स्नायू सैल होतात. एक बडबडगीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एवढाच वेळ. मग "उठ, पायाची बोटं धर, परत बस" असा खेळ करा. दुसऱ्यांदा बसल्यावर बरेचदा आणखी शू येते. तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणालाच बसवू नका. मोबाइल देऊन वीस मिनिटं बसवलेलं मूल पॉटीवर असूनही तिथे नसतं, आपल्या पोटाकडे त्याचं लक्षच जात नाही.

तिसरं कारण मुलींमध्ये : शू करून उठल्यावर पाच-दहा मिनिटांनी चड्डी ओलसर होते. घरच्यांना वाटतं पुन्हा केली. मांड्या जवळ घेऊन बसल्यामुळे थोडी शू योनिमार्गात साचते आणि चालायला लागल्यावर बाहेर येते. चड्डी घोट्यापर्यंत खाली किंवा पूर्ण काढून, पाय फाकवून, जरा पुढे झुकून बसवा. कमोडवर उलटं, टाकीकडे तोंड करून बसवलं तर पाय आपोआप फाकतात. ही एक गोष्ट बदलल्यावर बहुधा औषधाशिवाय अडचण संपते.

मुलग्यांना आधी बसूनच शिकवा. उभ्याने शू शिकलेला मुलगा शीसाठी बसायला कुरकुरतो.

"शू आली?" "नाही!"

हट्टी मुलाला हा प्रश्न विचारूच नका. दर अर्ध्या तासाने विचारलेल्या प्रश्नाचं त्याला सापडलेलं एकमेव उत्तर म्हणजे "नाही". प्रश्नाऐवजी घराचा नियम सांगा : "जेवायला बसण्याआधी सगळे शूला जातात." मग आईही जाते, बाबाही जातो. निवड द्यायची ती छोट्या गोष्टींत : लाल पॉटी की कमोड, आधी तू की आधी बाहुली, चड्डी निळी की पिवळी. जायचं की नाही, ही निवड द्यायची नाही. आणि तरीही नाही गेलं तर ओढून न्यायचंही नाही.

दिवसाला पाच-सहा ठरलेल्या वेळा पुरतात : उठल्यावर, न्याहारीनंतर, बाहेर निघताना, जेवणाआधी, दुपारच्या झोपेनंतर, रात्री झोपताना. यांखेरीज आठवण करू नका.

लढाई पेटलेली असेल, म्हणजे पॉटीचं नाव काढताच मूल अंग टाकून देत असेल, तर दोन-तीन आठवडे संपूर्ण विश्रांती. एकदाच शांतपणे सांगा : "शू तुझ्या पोटात येते, तुलाच कळते. तू सांभाळ. मदत लागली तर हाक मार." मग पॉटी त्याच्या हाताला येईल अशी ठेवा, चड्ड्या खालच्या खणात ठेवा आणि विषय बंद. घरातल्या सगळ्यांनी. आजोबांनी संध्याकाळी "काय, आज तरी केलीस का?" विचारलं की विश्रांती मोडली. भिजल्यावर कपडे बदलायला मदत करा, ओली चड्डी बादलीत त्याला टाकू द्या. शिक्षा म्हणून नको, कामाचा भाग म्हणून. हट्टी मुलांना ताबा हवा असतो. तो मिळाला की ती बरेचदा एकदम शिकतात.

जवळच जात नाही, रडतं

सावध मूल आणि संवेदनशील मूल वरून सारखं दिसतं. सावध मुलाला नवी गोष्ट नको असते, संवेदनशील मुलाला त्या गोष्टीतली एखादी बाब नको असते. सावध मुलासाठी पॉटी आधी बाथरूममध्ये न ठेवता बैठकीच्या खोलीत ठेवा. पहिले काही दिवस नुसती राहू द्या. मग कपड्यांसकट बसणं, बाहुलीला बसवणं, मोठ्यांना बघणं, मग चड्डी काढून बसणं. प्रत्येक टप्प्यावर मूल स्वतःहून दोन-तीनदा आनंदाने करेपर्यंत पुढे सरकू नका. "बघ, दादा कसा करतो" यातली तुलना वगळा आणि बघणं ठेवा.

संवेदनशील मुलाच्या बाबतीत बाथरूममध्ये स्वतः गुडघ्यांवर बसून पाहा. तिथून फ्लशचा आवाज केवढा येतो, एक्झॉस्ट पंखा कसा घरघरतो, फिनेल आणि डांबरगोळ्यांचा वास कुठे येतो. प्लास्टिकची बैठक हिवाळ्यात सकाळी किती गार लागते. जेट स्प्रे हे फार मोठं कारण आहे : जोरात, गार पाणी, मागून, न दिसता. पहिले सहा महिने स्प्रे बाजूला ठेवा, मगात कोमट पाणी घ्या आणि "आता पाणी घालते" असं सांगून धुवा. मुलींना पुढून मागे. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करा. नंतर कधीतरी त्यालाच दाबायचा असेल. मॉलमध्ये किंवा विमानतळावर आपोआप फ्लश होणारे कमोड असतील तर मूल बसेपर्यंत त्या सेन्सरवर हात धरा किंवा कागद चिकटवा. बसलेलं असताना एकदा पाणी उसळलं की बाहेर जाणं महिनाभर बंद होतं.

शू पॉटीत, पण शीला डायपरच हवा

हे विचित्र नाही. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत ४८२ मुलांच्या १९९७ सालच्या अभ्यासात साधारण २२ टक्के मुलं निदान महिनाभर शू पॉटीत करून शीला मात्र नकार देत होती. शी सुटताना अंगाचा तुकडा गळून पडतोय असं काही मुलांना वाटतं, काहींना उभ्यानेच करायची सवय झालेली असते, आणि काहींना आधी दुखलेलं असतं. डायपर काढून घेऊन "आता बघू कुठे करतोस" असं केलं की मूल दोन-चार दिवस शी धरून ठेवतं आणि वर लिहिलेलं बद्धकोष्ठतेचं चक्र सुरू होतं. म्हणून डायपर द्यायचा, पण जागा आणि बैठक हळूहळू बदलायची.

१. डायपर घालून, पण बाथरूमच्या दारात किंवा आत उभं राहून.
२. डायपर घालून, बंद झाकणावर किंवा पॉटीवर बसून, पायांखाली आधार घेऊन.
३. डायपरला खाली रुपयाच्या नाण्याएवढं भोक, मग मुठीएवढं, बसणं पॉटीवरच. भोक मूल झोपलेलं असताना कापून ठेवा.
४. डायपर नुसता सैल गुंडाळलेला, मग मांडीवर ठेवलेला.
५. डायपर नाही.

एका टप्प्यावर सलग तीन-चार वेळा विनातक्रार शी झाली की पुढचा टप्पा. अडलं तर एक टप्पा मागे, त्यात काही बिघडत नाही. सगळ्याला दोन ते सहा आठवडे लागतात. सावध मुलांना तिसरा टप्पा जड जातो, तिथे घाई करू नका. हट्टी मुलाला पाचही टप्पे आधीच सांगून "पुढचा कधी, ते तू सांग" म्हटलं तर ते मोकळेपणाने पुढे येतं.

वेळ निवडायची ती खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांची. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, न्याहारीनंतर सर्वांत जोरात. सकाळी आठची व्हॅन असेल तर न्याहारी सव्वासातला हवी. अनेक मुलांची शी केवळ सकाळच्या धावपळीमुळे अडलेली असते.

खेळात गुंग

याला कळतं, पण उशिरा. ठोकळ्यांचा मनोरा अर्धा झालेला असतो. दुरून हाक मारल्याने ऐकू जात नाही आणि मधेच उचललं की रडारड. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवा, मनोऱ्याबद्दल एक वाक्य बोला, मग "हे इथेच राहणार, कुणी हात लावणार नाही, शू करून ये." आणि खरंच कुणी हात लावू नका. एकदा धाकट्याने मनोरा पाडला की पुढच्या वेळी ते मूल जाणार नाही. पॉटी खेळण्याच्या खोलीत असू द्या. सैल इलॅस्टिकची चड्डी. बटणं, नाडी, डंगरी, पट्टे काही नको. शेवटच्या क्षणी धावणाऱ्या मुलाकडे चड्डी काढायला जेमतेम काही सेकंद असतात.

ओली चड्डी लपवणारं मूल

कपाटामागे भिजलेली चड्डी सापडते, "कुणी केली?" विचारल्यावर बाहुलीचं नाव येतं. हे मूल बहुधा आज्ञाधारक, कौतुकाला भुकेलेलं असतं. शू झाली की सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ कॉल करून मामाला सांगितलं, तर शू न जमणं ही त्याला सगळ्यांना नाराज करण्याची गोष्ट वाटते. कौतुक निम्म्यावर आणा. "झाली शू. हात धू." एवढं पुरे. अपघात झाला तरी हाच आवाज : "भिजली. चल, बदलू."

बक्षिसांविषयी : चळवळ्या मुलाला कॅलेंडरवर लावलेली मोठी टिकली किंवा स्टिकर दोन-तीन आठवडे मदत करतो, तोही बसण्यासाठी द्या, शी झाल्यासाठी नको, बसणं त्याच्या हातात असतं. कौतुकाला भुकेल्या मुलाला बक्षीस नकोच. ते चॉकलेटसाठी दर दहा मिनिटांनी चार थेंब काढतं आणि मूत्राशयाला भरायची सवयच लागत नाही. हट्टी मूल बक्षीस म्हणजे सौदा आहे हे दोन दिवसांत ओळखतं आणि भाव वाढवतं.

अंथरुणात किंवा चड्डीत शू केली म्हणून चटक्याची धमकी, पाहुण्यांसमोर लाज काढणं, ओल्या चड्डीत उभं करणं : कुठल्याही स्वभावाच्या मुलाला याने शिकवता येत नाही. ते फक्त लपवायला शिकतं.

शिकलेलं मोडलं

घरात बाळ आलं, घर बदललं, मे महिन्यात गावी महिनाभर राहून आलं, जूनमध्ये नर्सरी सुरू झाली, आजारपण झालं. दोन ते चार आठवडे मागे जाणं अपेक्षित आहे. ठरलेल्या वेळा पुन्हा सुरू करा, शी कडक झाली आहे का ते बघा (प्रवासात ती होतेच), आणि "तू आता मोठा झालास ना" हे वाक्य टाळा. बाळ आलेल्या घरात मोठं असण्यात त्याला काही फायदा दिसत नसतो. गावच्या घरी संडास परसात, अंधारात असेल तर छोटी पॉटी सोबत न्या. नर्सरी जूनची असेल तर सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. पावसाळ्यात चड्ड्या वाळत नाहीत, आणि दहा-बारा कोरड्या चड्ड्या हाताशी नसल्या की घरचे वैतागून डायपरवर परततात.

जुळी असतील तर दोन पॉटी, दोन वेगळे कोपरे आणि दोघांची सुरुवात आपापल्या वेळी. एक तयार आणि दुसरं नाही, असं सहा महिन्यांचं अंतरही पडतं.

पाळणाघराशी तीन गोष्टी आधी ठरवा : शब्द कोणते (घरी "शू" आणि तिथे "सूसू" असेल तर ताईंना सांगा), तिथे पॉटी आहे की भारतीय संडास, आणि दार उघडं ठेवतात की बंद. रोज चार-पाच जोड कपडे आणि ओल्यासाठी एक पिशवी पाठवा.

फरशी आणि गादी

आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. वास राहिला तर सिरॅमिक टाइल्सवर निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी चालतं. संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशीवर ते वापरू नका, चुनखडीचा दगड असल्याने डाग कायमचा पडतो.  फिनेलची बाटली उंचावर.

गादीवर थर असे घाला : रबरी चादर, वर सुती चादर, त्यावर पुन्हा रबरी, पुन्हा सुती. रात्री भिजलं तर वरचे दोन थर काढून मूल झोपवता येतं. गादी भिजलीच तर टिपून खायचा सोडा भुरभुरवा, सात-आठ तासांनी झाडा आणि उन्हात टाका.

रात्र वेगळी

दिवसाचं जमलं म्हणून रात्रीचा डायपर काढायची घाई नको. रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक (हार्मोन) आणि झोपेतून उठवणारी जाणीव शरीराच्या वेळापत्रकाने येतात, शिकवून येत नाहीत. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलं अजून अंथरूण भिजवतात, आणि त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे. सलग आठ-दहा सकाळी डायपर कोरडा मिळाला की काढा. पाणी दिवसा भरपूर, झोपण्याआधीच्या तासात थोडं. रात्री दोन वाजता झोपेतच उचलून शू करवली तर गादी वाचते, मूल शिकत नाही. गादी वाचवायची असेल तर जरूर करा.

डॉक्टरांकडे कधी

शू करताना दुखणं, ताप, लघवीला घाण वास, दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब-थेंब : लघवीची तपासणी. शीत रक्त, फुगलेलं पोट, वजन न वाढणं, जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागल्याचा इतिहास, पाठीच्या टोकाला केसांचा झुपका किंवा खळगा, पाय अडखळणं : पोट आणि कणा दोन्ही बघायला हवेत. मुलीची चड्डी कधीच कोरडी राहत नसेल, शू करून आल्यावरही सतत थेंब गळत असतील, तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही. चार वर्षांनंतरही दिवसा शी-शूचे नेहमी अपघात होत असतील तर थांबून बघण्यात अर्थ नाही. आणि महिनोन्‌महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा भिजवू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. बालवयातला मधुमेह असाच सुरू होतो आणि तिथे एक दिवसाचा उशीरही धोक्याचा असतो.